तारखेआधी पट्टी विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी आटोपली, धानाची कापणी सरली आणि बांध्या (धानाची शेते) मोकळ्या झाल्या की वडशाला (जि. गडचिरोली) नाट्यमंडळांच्या कार्यालयांत गावोगावच्या कार्यकर्त्यांची ये-जा सुरू होते. दिवसा मंडई (गावची जत्रा) नाही तर शंकरपट (बैलांची शर्यत) आणि रात्री नाटक, हे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या आपल्या झाडीपट्टीचे ठरलेले चक्र आहे. मालिकेतला ओळखीचा चेहरा आणून पेंडाल भरायचा, ही पद्धतही आता जुनी झाली. नवे आहे ते एवढेच की असा चेहरा आता जुन्या संगीत नाटकाच्या फलकावर झळकू लागला आहे. ‘संगीत सौभद्र’, आणि श्रीकृष्णाच्या भूमिकेत रोज संध्याकाळी घराघरांत दिसणारा नायक. यावर दोन तऱ्हेची मते ऐकू येतात. काहींना वाटते, यामुळे जुने नाटक पुन्हा उभे राहील. काही म्हणतात, हे लोक गर्दीसाठी येतात आणि आपल्या रंगभूमीचे वाटोळे करून जातात.

आम्हा साथीदारांचे म्हणणे दोन्हींपेक्षा वेगळे आहे. नट मालिकेतला आहे, याला आमची काडीचीही हरकत नाही. गाणारा असेल तर तो कुठूनही यावा. हरकत आहे ती आपल्याच मंडळांच्या विचारण्याच्या क्रमाला. आधी तारीख विचारली जाते, मग मानधन, मग गाडी आणि मुक्काम. पट्टी कोणती, म्हणजे नट कोणत्या सुराला षड्ज (सा) धरून गाणार, हे विचारायचे कुणालाच सुचत नाही. ती कळते प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळी सात वाजता, रंगपटात, नट तोंडाला रंग लावत असताना. तोवर तबले लावून झालेले असतात.

ज्यांनी पेटी हाताळली नाही त्यांच्यासाठी थोडे फोडून सांगतो. गद्य नाटकात पाहुणा नट आयत्या वेळी उभा राहिला तर फार तर संवाद मागेपुढे होतात. संगीत नाटकात त्याच्या एकट्याच्या पट्टीवर साऱ्या रात्रीची मांडणी उभी असते. समजा अर्जुनाचे काम करणारा आपला स्थानिक नट काळी एकमध्ये (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी) गातो. त्याचा मध्यम काळी तीनवर येतो. सुभद्रेने काळी तीन हा आपला षड्ज धरला की तिचा पंचम पुन्हा काळी एकवरच येऊन बसतो. म्हणून काळी एकला लावलेला एकच तबला दोघांना पुरतो. अर्जुनाला तो षड्जात बोलतो, सुभद्रेला पंचमात. रात्रभर तबलजीला हातोडीला हात लावावा लागत नाही आणि एका पदातून दुसऱ्या पदात जाताना प्रेक्षकाच्या कानाला ठेच लागत नाही.

आता यात पाहुणा श्रीकृष्ण येतो आणि सांगतो, माझा आवाज खालचा आहे, मला पांढरी सहा द्या. कॅमेऱ्यासमोर, छातीला लावलेल्या माईकवर, हळू बोलायची सवय असलेल्या माणसाचा आवाज खाली बसलेला असतो, त्यात त्याचा दोष नाही. पण तबला पांढरी सहाला उतरवला तर सुभद्रेच्या षड्जापासून तो नेमका कोमल गंधारावर बोलतो. तिच्या ज्या पदात शुद्ध गंधार आहे तिथे तिचा सूर आणि तबल्याची किनार एकमेकांना ओरबाडत राहतात. प्रेक्षकाला कारण कळत नाही, तो एवढेच म्हणतो की आज बाईचा सूर लागत नव्हता. दोष पाहुण्याच्या पट्टीचा आणि बदनाम होते ती आपली गाणारी मुलगी.

यावर उपाय दोन तबल्यांचा. काळी एकसाठी साडेपाच इंची तोंडाचा आणि पांढरी सहासाठी सहा-सव्वासहा इंची. एकच तबला चार पट्ट्या खाली सोडला तर पुडी (तबल्याचे चामडे) सैल पडून फडफडते. मोठा तबला तेवढाच वर ओढला तर वादी (पुडी ताणणारा चामड्याचा पट्टा) नाही तर गजरा (पुडीच्या कडेची वेणी) तरी जातो, आणि रात्री एक वाजता पुडी बदलून देणारा कारागीर गावात नसतो. दोन तबले म्हणजे दोन्ही आधीच तापवून, लावून, झाकून ठेवलेले. हे सगळे संध्याकाळी सातला कळून होत नाही. दोन महिने आधी कळले तर काहीच अवघड नाही.

पट्टी ओळखण्याची रीत सोपी आहे, फक्त घाईची नाही. नटाकडून फोनवर एक ध्वनिमुद्रण मागवावे. साथ नको, तानपुऱ्याचे ॲप नको. खोलीत उभे राहून म्हटलेली एक साकी (बोलण्याच्या अंगाने जाणारे छोटे पद) आणि एक पूर्ण पद. बसून म्हटलेले चालणार नाही, कारण रंगमंचावर तो उभाच असणार. ऐकताना आवाजाच्या गोडव्याकडे लक्ष देऊ नये, तीन जागा ऐकाव्यात. मंद्र पंचमावर (खालच्या सप्तकातला प) आवाज विरून जातो का. तार गंधारावर (वरच्या सप्तकातला ग) चार सेकंद स्थिर राहतो का. आणि पद संपते तेव्हा षड्ज सुरुवातीच्याच जागी आहे, की अर्धा सूर खाली सरकला आहे. पहिल्या दोन गोष्टी पट्टी बदलून सावरता येतात. तिसरी सावरत नाही. साथीशिवाय घसरणारा गळा साथीत आला की पेटीशी भांडतो आणि ते भांडण शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही ऐकू येते. अशा नटाला पदे देऊच नयेत. त्याच्यासाठी दुसरा मार्ग आहे, तो पुढे सांगतो.

ज्या पट्टीत तार गंधार न ओरडता लागतो ती त्याची दिवसाची पट्टी समजावी. प्रयोगासाठी तिच्याहून अर्धा सूर खाली धरावे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री दोनला पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, बसायला टाकलेल्या तणसाची (धानाच्या पेंढ्याची) धूळ हवेत असते, शेकोट्यांचा धूर असतो. हा अर्धा सूर आधीच सोडला नाही तर तिसऱ्या अंकात आवाज चिरतो, आणि मग नट अंतरा बोलून टाकतो.

भूमिकेची निवडही इथेच ठरते. श्रीकृष्ण म्हटले की मंडळांना वाटते, हसत उभे राहायचे काम, चेहरा दिसला की झाले. प्रत्यक्षात ‘नच सुंदरी करू कोपा’ आणि ‘प्रिये पहा’ ही दोन्ही पदे श्रीकृष्णाची. दोन्ही पिढ्यानपिढ्या गायली गेलेली, दोन्ही लोकांना पाठ. तिथे चूक लपत नाही. आलाप-ताना घेता येत नसतील तर घेऊ नयेत, साधे, स्वच्छ, शब्द कळतील असे म्हणावे. आपला प्रेक्षक साधेपणाला टाळी देतो, उसन्या तानेला देत नाही. ज्याला तेवढेही जमत नाही त्याला बलराम किंवा घटोत्कच द्यावा. पदांचा भार नाही, गद्याला जोर, प्रवेशाला थाट. मालिकेत कमावलेला चेहरा आणि नजर तिथे पुरेपूर कामी येते. फलकावर नाव तेच, गर्दी तीच, आणि नाटकाला धक्का नाही. हा सल्ला अनेक मंडळांना कमीपणाचा वाटतो. तो तसा नाही. बलरामाचा राग खरा वाटला नाही तर सौभद्राचे अर्धे कथानक लुळे पडते.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली हे नाटक रंगमंचावर आणले. पाच अंक आणि मूळ संहितेत शंभराच्या वर पदे. पण ही सगळी पदे राग विस्तारून गायची नाहीत. साकी, दिंडी, कामदा, ओवी, कानडी पदांच्या चाली असा मोठा भाग बोलण्याच्या अंगाने जाणारा आहे. ज्याने शास्त्रोक्त शिक्षण घेतलेले नाही पण कान चांगला आहे, असा नट साकी-दिंडी उत्तम म्हणू शकतो. रात्रभराच्या प्रयोगाला पस्तीस ते चाळीस पदे पुरतात. त्यातली पाहुण्याकडे सहा-सातच्या वर देऊ नयेत, आणि त्या सहा-सातांत रागाची पदे दोनच ठेवावीत. बाकीची साकी-दिंडी.

काटछाट करताना जो घोळ होतो त्यावर जरा थांबतो, कारण नाटक पडते ते बहुतेक इथेच. वेळ वाचवायला मंडळे पदाचा अंतरा काढतात आणि नुसते ध्रुवपद ठेवतात. त्याने पद सुरू होताच संपते, ना गाणे होते ना संवाद. ठेवायचे ते पद पूर्ण ठेवावे, काढायचे ते मुळासकट काढावे. मुळासकट म्हणजे पदाआधीच्या त्या वाक्यासह, जे पदात जाण्यासाठीच लिहिलेले असते. ते वाक्य मागे राहिले की पात्र काहीतरी म्हणणार असे वाटते आणि समोरचे पात्र भलतेच बोलू लागते. कात्री लावताना मागे जात जात जिथे प्रश्न-उत्तर पुरे होते तिथे थांबावे. दुसरी चूक साक्यांची. साकी लहान, म्हणून ती सहज काढली जाते; पण पुष्कळ वेळा कथेतली बातमीच साकीत असते. कोण कुठे गेला, कोणाचे लग्न कुणाशी ठरले, ते साकी सांगते. ती काढली तर तिच्या जागी गद्याच्या दोन ओळी घालाव्याच लागतात, नाहीतर पुढच्या प्रवेशात शेजारी शेजाऱ्याला विचारू लागतो, हा इथे कसा आला?

याबाबतीत आपल्याकडे एक सोय आहे ती मुंबई-पुण्याला नाही. तिथे तीन तासांत पडदा पडायला हवा. आपला प्रयोग रात्री दहा-साडेदहाला सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो. ‘प्रिये पहा’ हे पद पहाटेचे आहे. रात्र सरली, गार वारा सुटला, दिवे मंद झाले, असे श्रीकृष्ण सांगतो. तिकडे ते रात्रीच्या जेवणाच्या वेळेला म्हणावे लागते. आपल्याकडे अंकांची वेळ नीट आखली तर तो प्रवेश पहाटे चारच्या आसपास आणता येतो. समोर घोंगड्या पांघरून बसलेल्या माणसांच्या अंगावर खरोखरचा गार वारा असतो. देसकार हा सकाळचा राग, तो त्याच्याच वेळेला लागतो. कोणत्याही वातानुकूलित नाट्यगृहाला हे पैसे मोजून मिळणार नाही. यासाठी दुसऱ्या अंकानंतरचा वेळ काटेकोर धरावा लागतो, आणि मध्येच घुसवलेली नाचगाणी मध्यंतरापुरती ठेवावी लागतात. दोन प्रवेशांच्या मध्ये ध्वनिक्षेपकावर ठोक्याचे गाणे वाजले की पुढच्या पदाचा षड्ज नटाच्या डोक्यातून पुसला जातो. नाच नको असे आम्ही म्हणत नाही, लोक त्यासाठीही येतात. जागा मात्र मध्यंतराची.

पद सुरू कसे होते, हे पाहुण्या नटाने कॅमेऱ्याची सवय बाजूला ठेवून शिकावे. मालिकेत वाक्य संपले की थांबायचे, नजर ठेवायची, मग पुढचे. संगीत नाटकात पदाआधीचे शेवटचे वाक्यच पदाचे दार असते. त्या वाक्याच्या अखेरच्या दोन-तीन शब्दांत बोलण्याची पट्टी हळूच षड्जाकडे न्यायची असते. ऑर्गनवाला (पायपेटी वाजवणारा) त्याच शब्दांखाली षड्ज धरून ठेवतो, मोठा नाही, नटालाच ऐकू येईल इतका. शेवटचा शब्द आणि पदाचा पहिला शब्द यांत एका श्वासाचे अंतर राहते. नट थांबला, वळला, चार पावले चालला आणि मग गायला लागला, तर तो षड्ज हरवतो, ऑर्गनवाल्याला मोठ्याने सूर द्यावा लागतो, आणि आता गाणे येणार हे सगळ्यांना कळते. त्रितालातल्या अनेक पदांचा मुखडा खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उठतो. तबलजी समेवर (पहिल्या मात्रेवर) थाप देणार तोवर पदाचे पहिले तीन-चार शब्द होऊन गेलेले असतात. ज्याला हे माहीत नसते तो थापेची वाट पाहतो, तबलजी त्याची वाट पाहतो, आणि रंगमंचावर दोन सेकंद काहीच घडत नाही.

या सगळ्या कटकटीवर उपाय म्हणून ट्रॅक लावला जातो. दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजातले ध्वनिमुद्रण वाजवायचे आणि नटाने ओठ हलवायचे. हे आम्ही कळकळीने सांगतो की करू नये. दुसऱ्याचे ध्वनिमुद्रण परवानगीशिवाय जाहीर प्रयोगात वाजवणे कायद्याला धरून नाही, हे एक. बाकी कारणे रंगमंचावरची आहेत. ट्रॅकची लय बांधलेली असते. सुभद्रा त्या दिवशी दोन पावले उशिरा पोचली तर ट्रॅक थांबत नाही. वन्समोअर आला तर तेच्या तेच पुन्हा वाजते, आणि दुसऱ्यांदा ऐकताना पहिल्या रांगेला ओठांचा खेळ कळतो. जनरेटर एक क्षण बसला की गाणे शब्दाच्या मध्यात तुटते आणि नट तोंड उघडे ठेवून उभा राहतो. त्याच क्षणी पायपेटी चालू असती तर भाता हलत राहिला असता, पद पुढे गेले असते, लोकांनी अंधारातच ऐकले असते.

पायपेटी शक्य नसेल आणि कीबोर्डच असेल, तर एक धोका लक्षात ठेवावा. पट्टी बदलायला वादक बटण दाबून सूर खाली-वर करतो. वीज क्षणभर गेली की बहुतेक कीबोर्ड पुन्हा मूळ पट्टीवर येतात. वादकाच्या लक्षात आले नाही तर पुढचे पद भलत्याच पट्टीत सुरू होते. कीबोर्डला लहान यूपीएस जोडावा आणि प्रत्येक पदाआधी षड्ज एकदा तबल्याशी ताडून पाहावा.

तबल्याचे म्हणाल तर आपल्या हंगामात त्याचा वैरी दव आहे. पुडी ओल ओढते, सैल पडते आणि सूर उतरतो. उलट पेटीतला पितळी सूर थंडीने किंचित चढतो. म्हणजे मध्यरात्रीनंतर दोघांतले अंतर दोन्हीकडून वाढत जाते. तबला आठला लावून ठेवला आणि झाला, असे चालत नाही. प्रत्येक अंकाच्या आधी गठ्ठ्यांवर ठोकून मिळवून घ्यावा. मध्ये तो घोंगडीत गुंडाळून साठ वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बजवळ हातभर अंतरावर ठेवावा. शेकोटीजवळ नेऊ नये. पुडी लवकर ताठते खरी, पण पुडीवरच्या काळ्या शाईला तडे जातात आणि एकदा तडकलेली शाई बोलत नाही, खडखडते.

माईकबद्दल. पाहुणा नट गळ्याजवळ लावायचा माईक मागतो, कारण त्याला तोच माहीत. श्रीकृष्णाच्या गळ्यात हार, मण्यांच्या माळा, अंगावर शेला. प्रत्येक हालचालीला कर्रकर्र आवाज येतो. तो माईक मुकुटाच्या कडेखाली, कपाळावर केसांच्या रेषेत चिकटपट्टीने बसवावा. तोंडापासूनचे अंतर मान वळवली तरी बदलत नाही आणि दागिन्यांशी घासत नाही. घामाने पट्टी सुटते म्हणून रंग लावण्याआधी ती जागा कोरडी करून माईक आधी लावावा, मुकुट नंतर. सेल मध्यंतरात बदलावेत, संपण्याची वाट पाहू नये.

त्याहून मोठी चूक आहे लांबच्या भोंग्यांची. गावाला ऐकू जावे म्हणून शंभर मीटरवर भोंगे लावतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे त्या भोंग्यातला आवाज रंगमंचावर सुमारे पाव ते एकतृतीयांश सेकंद उशिरा परत येतो. मध्यलयीत मात्रा अर्ध्या सेकंदाची धरली तर हा उशीर अर्ध्या मात्रेहून जास्त झाला. मुरलेला नट तो कानाआड करून तबल्याकडे लक्ष ठेवतो. नवा माणूस नकळत त्या उशिरा आलेल्या आवाजाशी जुळवायला जातो आणि लय मंद होत होत बसते. त्यासाठी रंगमंचाच्या कडेला, नटाच्या बाजूने तोंड केलेला एक लहान स्पीकर हवा. त्यात फक्त ऑर्गन आणि तबला सोडावा, नटाचा आवाज सोडू नये. तो सोडला की वरच्या टांगत्या माईकमध्ये शिरून शिट्टी वाजते. आणि भोंग्यांची तोंडे रंगमंचाकडे नव्हे, बाहेरच्या बाजूला करून बांधावीत.

तालमीचा मुद्दा मंडळांना सर्वात जड जातो, कारण पाहुण्याचा दिवस पैशात मोजला जातो. मुंबईहून सकाळच्या विमानाने नागपूर, तिथून वडशाला रस्त्याने तीन-चार तास, पुढे गाव. नट संध्याकाळी पोचतो, फोटो निघतात, जेवण होते आणि तो रंगपटात जातो. साथीदारांशी त्याची पहिली भेट पहिल्या पदाला. याला प्रयोग म्हणायला जीभ रेटत नाही. आमची मागणी दोन तालमींची आहे. पहिली बसून, फक्त पदे आणि पदांकडे नेणारी वाक्ये, तीन-चार तास. दुसरी उभ्याने, हालचालींसह, माईक लावून, आणि रात्री अकरानंतर. दुपारचा गळा आणि मध्यरात्रीचा गळा हे दोन वेगळे गळे आहेत, ते रात्री तालीम केल्याशिवाय कळत नाही. त्याआधी महिनाभर ऑर्गनवाल्याने पाहुण्याच्या पट्टीत नुसता सूर आणि ठेका फोनवर मुद्रित करून पाठवावा, घरी सरावासाठी. ओळीने प्रयोग असतील तर या दोन तालमींचा खर्च सगळ्या गावांत वाटला जातो, एका मंडळावर पडत नाही. प्रयोगाच्या दिवशी मात्र त्याला दुपारी झोपू द्यावे. सत्कार, शाळेला भेट, गावातून मिरवणूक हे सगळे दुसऱ्या दिवशी. मिरवणुकीत ओरडून बसलेला आवाज कोमट पाण्याने परत येत नाही.

आता जे मनाला लागते ते. फलकावर पाहुण्याचा चेहरा पुरुषभर उंच असतो आणि सुभद्रा कोण करणार ते खाली, इतरांसोबत, बारीक अक्षरात. रात्रभर नाटक तीच पेलते. तिची पदे जास्त, तिचे ‘वद जाऊ कुणाला शरण’ पडले तर नाटक पडले. पाहुण्यासाठी पट्टी बदलली तर स्वतःची पदे नव्या सुरात बसवून घ्यायची तीही तीच. झाडीपट्टीच्या कलावंतांची किंमत सरकारला कळली. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. जाहिरात लिहिणाऱ्यांनाही ती कळावी. गाणाऱ्या नटीचे आणि ऑर्गन-तबला साथीदारांचे नाव पाहुण्याच्या नावाच्या लगेच खाली, वाचता येईल एवढ्या अक्षरात असावे, आणि त्यांचे मानधन पाहुण्याच्या आधी चुकते करावे. पाहुणा पुढच्या हंगामात येईल न येईल. हे लोक पुढच्या मंडईला याच रंगमंचावर असणार आहेत.

कागदपत्रांचेही सांगून ठेवतो, कारण आयत्या वेळी यावरून धावपळ होते. नाटक कितीही जुने असले तरी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचा दाखला हाताशी हवा. संहितेच्या हक्काचा प्रश्न ‘सौभद्र’ किंवा देवलांच्या ‘शारदा’ला येत नाही, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो आणि ती मुदत केव्हाच उलटली. पण काही मंडळे पुढच्या हंगामात ‘कट्यार काळजात घुसली’ घेण्याचा विचार करत आहेत. ते नाटक १९६७ चे. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर आपल्या नागपूरचे, खाँसाहेबांची भूमिका अजरामर करणारे वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे, म्हणून ते आपलेच वाटते. हक्क मात्र चालू आहे. संहितेसाठी आणि पं. जितेंद्र अभिषेकींच्या चालींसाठी लेखी परवानगी लागेल, आणि त्यातल्या खाँसाहेबांच्या भूमिकेला ओठ हलवणारा नट चालणार नाही, हे जाहिरात छापण्याआधी ठरवावे.

एक शेवटची, लहान वाटणारी गोष्ट. पाहुण्याचा शेवटचा प्रवेश संपला की त्याची गाडी रंगमंचामागे सुरू झालेली असते. इंजिनाचा आवाज टांगत्या माईकमधून थेट पेंडालात येतो, लोक माना वळवतात, पोरे गाडीकडे धावतात, आणि रंगमंचावर उरलेले कलाकार शेवटचे पद रिकाम्या होत जाणाऱ्या तणसापुढे म्हणतात. नाटकाचा शेवट सगळ्या पात्रांनी एकत्र उभे राहून म्हणायचा असतो, श्रीकृष्ण त्यात मध्यभागी. म्हणून गाडीवाल्याला वेळ सांगताना शेवटच्या पदानंतरची सांगावी, आणि गाडी रस्त्यावर उभी करायला लावावी, बांधीत नव्हे.

आपले,
झाडीपट्टीतील काही ऑर्गनवादक, तबलावादक व तालीम मास्तर
जि. गडचिरोली आणि चंद्रपूर